वजाबाकीतून बेरजेकडे

‘न्यूरॉन’ या नियतकालिकाच्या फेब्रुवारी २००९ मधल्या एका अंकात, ६३५ ते ६४८ या पानांवर, ब्रेंडन मर्फी आणि केनेथ मिलर यांचा एक शोधनिबंध आहे. विषय मांजराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सचा, म्हणजे डोळ्यांनी टिपलेलं मेंदूत जिथे उलगडलं जातं त्या भागाचा. समोर पाहण्यासारखं काहीच नसताना तिथे आपोआप जी हालचाल चालू असते, तिचं संगणकावर मॉडेल कसं उभारायचं आणि त्या मॉडेलमधून तिचं कारण कसं हाती लागतं, हे त्यात सांगितलं आहे. अशा लेखनाचं परीक्षण होतं, त्याचे संदर्भ दिले जातात, रसग्रहण सहसा होत नाही. मला मात्र या चौदा पानांतली सुरुवातीची काही पानं पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. सगळी किमया दोन समीकरणांची आहे. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही ती समजतील इतकी साधी, आणि तरीही कॉर्टेक्सबद्दल वर्षानुवर्षं गृहीत धरलेली एक गोष्ट ती मुळापासून हलवतात.

हा निबंध एका चित्राला दिलेलं उत्तर आहे. त्यामुळे आधी ते चित्र.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल यांनी १९५९ साली दाखवून दिलं होतं की मांजराच्या कॉर्टेक्समधली एकेक चेतापेशी विशिष्ट कलाच्या रेषेला दाद देते. एखादी उभ्या रेषेवर जोरात पेटते, एखादी आडव्या, एखादी तिरप्या. बाकी रेषांकडे ती जवळजवळ दुर्लक्ष करते. पुढे १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. एका कलाच्या पेशी शेजारीशेजारी राहतात, त्यामुळे कॉर्टेक्सच्या पृष्ठभागावर कलांचा एक नकाशाच तयार होतो. टोबियास बोनहोफर आणि अमिराम ग्रिनवाल्ड यांनी १९९१ मध्ये तो नकाशा बारकाईने टिपला, तेव्हा काही बिंदूंभोवती सगळे कल भिरभिऱ्याच्या पात्यांसारखे क्रमाने मांडलेले दिसले.

ग्रिनवाल्ड यांची प्रयोगशाळा इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत होती. तिथे एक खास रंगद्रव्य वापरलं जाई. कॉर्टेक्सच्या पृष्ठभागाला ते लावलं की पेशींच्या विद्युतदाबाप्रमाणे त्याची चमक कमीजास्त होते. वरून वेगवान कॅमेरा लावला की शेकडो-हजारो पेशींची एकत्रित हालचाल मिलिसेकंदांच्या हिशेबाने डोळ्यांपुढे येते. २००३ साली ‘नेचर’मध्ये टाल केनेट, दिमित्री बिबिचकोव्ह, मिशा त्सोदिक्स, ग्रिनवाल्ड आणि अमोस अरिएली यांनी जे प्रसिद्ध केलं ते याच तंत्राचं फळ. भूल दिलेल्या मांजराला निरनिराळ्या कलांच्या रेषा दाखवून त्यांनी प्रत्येक कलाचा नकाशा नोंदवून ठेवला. मग काहीही न दाखवता चित्रण चालू ठेवलं. त्या रिकाम्या वेळेतल्या अनेक चौकटींमध्ये तेच नकाशे उमटलेले सापडले. उभ्या रेषेचा नकाशा यायचा, विरायचा, आणि त्याच्यामागून बऱ्याचदा जवळच्याच कलाचा नकाशा यायचा. नुसत्या योगायोगाने किती मेळ बसेल हे पाहण्यासाठी त्यांनी नकाशा उलटा करूनही ताडून पाहिला. उलट्या नकाशाशी तितका मेळ बसेना.

हा शोध मला अतिशय हलवून टाकणारा वाटतो. तोपर्यंत अशा आपोआप चालणाऱ्या हालचालीला बरेच जण गोंगाट समजत आणि सरासरी काढून तो पुसून टाकत. अरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की तीच रेषा पुन्हा पुन्हा दाखवली तरी प्रतिसाद दर वेळी वेगळा येतो, याचं बरंचसं कारण त्या क्षणी आधीपासून चालू असलेल्या हालचालीत असतं. २००३ च्या चित्रांनी त्या हालचालीला आकारही आहे हे दाखवलं, आणि आकार कोणता, तर नेमका पाहण्याचाच.

आता प्रश्न असा. कॉर्टेक्सकडे आत येणारे संकेत, निदान या स्थितीत, आकारहीन आहेत. बाहेर पडतात ते नकाशे. मधल्या जोडण्यांनी हे घडवलं यात शंका नाही, पण कोणत्या रीतीने?

या प्रश्नाला हात घालणाऱ्या २००४ च्या एका निबंधाबद्दल थोडं बोललंच पाहिजे. जोशुआ गोल्डबर्ग, उरी रोकनी आणि हाइम सोम्पोलिन्स्की यांनी दोन शक्यता समोरासमोर ठेवल्या. पहिलीत कॉर्टेक्सची एकच स्थिर अवस्था आहे आणि येणाऱ्या गोंगाटाने ती आपल्या जागी थरथरत राहते. दुसरीत अशा अवस्था अनेक आहेत, प्रत्येक अवस्था एखाद्या दृश्यगुणाची, आणि जाळं एकीतून दुसरीत भटकत असतं. साध्या मॉडेलमध्ये या दोहोंची लक्षणं स्वच्छ वेगळी निघतात: पहिल्यात चढउतार वेगवान आणि असंख्य दिशांना पसरलेले, दुसऱ्यात संथ आणि मोजक्याच दिशांचे. मग त्यांनी मॉडेल खऱ्या कॉर्टेक्सच्या जवळ नेलं, प्रयोगातून मिळालेली भिरभिऱ्यांची मांडणी त्यात घातली, जोडण्यांना अंतराची मर्यादा घातली, आणि निष्कर्ष काढला की हाती असलेली चित्रं दोन्ही शक्यतांशी जुळतात. असा निकाल छापायला धैर्य लागतं. ज्याच्याकडून निवाडा हवा होता त्या मॉडेलनेच ‘एवढ्या पुराव्यावर निवाडा होत नाही’ असं सांगितलं, आणि लेखकांनी ते तसंच्या तसं मांडलं.

दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डेव्हिड काय, आदित्य रंगन आणि डेव्हिड मॅक्लॉफलिन यांचं २००५ चं काम आहे. त्यांच्या सिम्युलेशनमध्ये सुमारे पाच लाख चेतापेशी होत्या आणि तेवढ्यांत कॉर्टेक्सचा सुमारे १६ चौरस मिलिमीटरचा तुकडा उभा केला होता. नकाशे तिथेही उमटले. अशा अवाढव्य मॉडेलबद्दल मला आदर आहे, पण पाच लाख पेशींतून उमटलेला नकाशा पाहूनही ‘का’ हा प्रश्न बऱ्याच अंशी तसाच राहतो. निसर्गाऐवजी आता संगणकाला विचारायचा, एवढाच फरक.

मर्फी आणि मिलर दोन पेशींपासून सुरुवात करतात. काटेकोरपणे सांगायचं तर दोन गटांपासून: एक उत्तेजक पेशींचा, एक शामक पेशींचा.

त्याआधी जुनं उत्तर काय होतं ते पाहून घेऊ, कारण निबंधाचा पहिला भाग त्यालाच दिलेला आहे आणि तो अतिशय न्याय्यपणे लिहिलेला आहे. डोनाल्ड हेब यांच्या १९४९ च्या पुस्तकापासून रुजलेली कल्पना अशी की एकत्र पेटणाऱ्या पेशी एकमेकींशी घट्ट जोडल्या जातात आणि त्यांचा एक गट बनतो. त्या गटाला बाहेरून किंचित चालना मिळाली की तो एकमेकांच्या आधाराने ती वाढवतो. समजा गट स्वतःच्या हालचालीचा पाऊण हिस्सा स्वतःलाच परत देतो. एक एकक आत आलं, त्यातून पाऊण परत आलं, त्याचा पाऊण पुन्हा, असं चालत गेलं की एकूण बेरीज चार होते. चौपट वाढ मिळाली. पण ही बेरीज फेऱ्याफेऱ्याने जमत जाते, म्हणून तिला वेळ लागतो. एकट्या पेशीची हालचाल विरायला २० मिलिसेकंद लागत असतील तर या गटाची विरायला ८० लागतात. वाढ जितक्या पट, दिरंगाई तितक्या पट. दहापट मोठं व्हायचं असेल तर दहापट रेंगाळावं लागेल. डोळ्यांपुढचं जग क्षणाक्षणाला बदलत असताना असं रेंगाळणं दृष्टीला परवडणारं नाही. शिवाय या तत्त्वाने चालणाऱ्या जाळ्यात लाडका नकाशा बाकीच्या आकृत्यांपेक्षा ठळकपणे जास्त वेळ टिकायला हवा.

आता ती दोन समीकरणं. उत्तेजक गट स्वतःला आणि शामक गटाला सारख्याच जोराने ढकलतो. शामक गटही दोघांना सारख्याच जोराने दाबतो, फक्त त्याचा दाब उत्तेजकाच्या जोरापेक्षा थोडा अधिक. आकडे घालून पाहू: जोर चार पूर्णांक दोन सप्तमांश, म्हणजे सव्वाचारहून किंचित जास्त, आणि दाब त्याच्या १.१ पट. हेबच्या गटातला पाऊण आठवला तर हा जोर केवढा प्रचंड आहे ते लक्षात येईल. एकहून जास्त जोर म्हणजे उत्तेजक गट एकटा असता तर त्याचा भडकाच उडाला असता. शामक गट त्याला आवरून धरतो.

वाचक इथे सहसा एकेका गटाचा माग काढू लागतो. उत्तेजक वाढला की शामक वाढतो, शामक वाढला की दोघं घटतात, मग पुन्हा काय होतं, आणि दोन-तीन वळणांनंतर धागा हातातून सुटतो. लेखक तो मार्ग घेत नाहीत. ते गटांकडे पाहायचं सोडून दोन नव्या राशींकडे पाहतात: दोन्ही गटांच्या हालचालींची बेरीज आणि त्यांची वजाबाकी. या एका पावलाने सगळं स्वच्छ होतं. जाळ्याकडून दोन्ही गटांना मिळणारा वाटा अगदी सारखाच आहे, कारण ढकलणं दोघांना सारखं आणि दाबणंही दोघांना सारखं. जे दोघांना सारखं मिळतं त्याने दोघांतला फरक कधी बदलत नाही. म्हणून वजाबाकी जाळ्याच्या आवाक्याबाहेरच राहते. ती आपल्या नैसर्गिक गतीने शांतपणे विरत जाते. बेरजेचं मात्र तसं नाही. तिला वजाबाकीकडून नऊपट जोराचा धक्का मिळतो आणि स्वतःकडून हलकासा लगाम, सुमारे ०.४३ चा. वजाबाकी बेरजेला चालवते; बेरीज वजाबाकीला कधीच चालवत नाही. बाहेरून फेऱ्यांचं जंजाळ दिसणाऱ्या या जाळ्यात आत एकच दिशा असलेला प्रवाह निघतो.

हा क्षण माझ्या दृष्टीने निबंधाचा गाभा आहे. पेशींच्या पातळीवर सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे: उत्तेजक शामकाला बोलावतो, शामक उत्तेजकाला गप्प करतो, दोघं स्वतःलाही. आकृत्यांच्या पातळीवर पाहिलं की त्याच जोडण्यांतून सरळ एका दिशेने जाणारी वाट दिसते. कुठे काही बदललं नाही. एकही जोडणी तोडली नाही. मोजण्याच्या राशी तेवढ्या बदलल्या.

या दिशेचा परिणाम वेळेत कसा दिसतो ते पेन्सिल घेऊन करून पाहण्यासारखं आहे. उत्तेजक गटाला क्षणभराचा एक एककाचा धक्का द्या. हेबच्या गटात तो धक्का कधीच एकच्या वर जात नाही. एकवरून हळूहळू उतरत राहतो. पेशीची स्वतःची गती २० मिलिसेकंदांची धरली तर १०० मिलिसेकंदांनंतरही त्यातला २९ टक्के शिल्लक असतो. मर्फी-मिलर यांच्या जोडीत उत्तेजक गट आधी वर उसळतो, साधारण बाराव्या मिलिसेकंदाला १.८ च्या आसपास पोचतो, त्याच्या पाठोपाठ शामक गटही १.३ पर्यंत चढतो, मग दोघं एकत्र खाली येतात आणि १०० मिलिसेकंदांनंतर जेमतेम सात टक्के उरतात. आता दोन्ही आलेखांखालचं क्षेत्रफळ मोजा. दोन्हीकडे नेमकं चार भरतं. एकूण वाढ तेवढीच, पण एकीकडे ती बुटकी आणि लांबलचक, दुसरीकडे उंच आणि आखूड. निरंतर धक्का देत राहिलं तरी दोन्हीकडे चौपटच मिळतं. इथे मात्र त्यासाठी वेळेची किंमत मोजावी लागत नाही. जोर आणखी वाढवला तर वाढ आणखी मिळते आणि उतरण्याची घाई तशीच राहते. लेखकांनी या यंत्रणेला संतुलित प्रवर्धन म्हटलं आहे.

रस्सीखेचीत दोन्ही संघ पूर्ण ताकदीने ओढत असतात तेव्हा दोर स्थिर दिसतो. आता असा सामना कल्पा की एका बाजूचा जोर जरा वाढला की दोन्ही बाजू आणखी जोराने ओढू लागतात. दोर फारसा हलणार नाही, पण मैदानावरचा एकूण जोर कितीतरी वाढेल, आणि तो वाढवायला सुरुवातीचा इवलासा फरक पुरेसा होईल. कॉर्टेक्सची शांतता अशी ताणलेली आहे, असं हे मॉडेल म्हणतं.

यात एक अट आहे आणि ती जीवशास्त्राने घातलेली आहे. हेन्री डेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वानुसार एक चेतापेशी साधारणपणे एकच भूमिका पार पाडते: उत्तेजक असेल तर सगळीकडे उत्तेजक, शामक असेल तर सगळीकडे शामक. गणिताच्या सोयीसाठी अनेक मॉडेलांमध्ये ही अट सोडून दिली जाते. एकाच पेशीला काहींना ढकलू आणि काहींना दाबू दिलं जातं, आणि अ कडून ब ला जेवढं तेवढंच ब कडून अ ला असं सममित जाळं घेतलं जातं. अशा जाळ्यात ही एकतर्फी वाट निघतच नाही. उत्तेजकाकडून निघालेली प्रत्येक जोडणी धन आणि शामकाकडून निघालेली प्रत्येक जोडणी ऋण, या असमतेतूनच ती जन्माला येते. पाठ्यपुस्तकात एका वाक्यात उरकलेलं एक तथ्य इथे कथानकाचा नायक होतं. वैज्ञानिक लेखनातलं सौंदर्य मला अशा ठिकाणी सर्वांत जास्त जाणवतं: जी गोष्ट तपशील म्हणून बाजूला ठेवली जात होती तिच्यावरच सगळी इमारत उभी असल्याचं दिसतं.

मग हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? जाळ्यांचं विश्लेषण करण्याची रुळलेली रीत म्हणजे त्याच्या आयगनव्हॅल्यू काढणं: कोणती आकृती किती वेगाने विरते किंवा वाढते याचे आकडे. वरच्या जोडीचे आकडे काढले तर दोन्ही आकृत्या विरतात एवढंच कळतं, एक पेशीच्या गतीने आणि दुसरी त्याहून वेगाने. वाढीची चाहूलही त्या आकड्यांत नाही. वाढ लपलेली आहे ती एका आकृतीकडून दुसरीकडे जाणाऱ्या धक्क्यात, आणि तो मोजायचा तर गणितात फार पूर्वीपासून असलेलं ‘शूर विघटन’ नावाचं तंत्र वापरावं लागतं. द्रवगतिशास्त्राने हा धडा आधी शिकला होता. नळातला प्रवाह कागदावर स्थिर ठरत असूनही प्रत्यक्षात खळबळाट का करतो, याचं उत्तर लॉइड ट्रेफेथेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘सायन्स’मध्ये याच दिशेने शोधलं होतं. प्रत्येक लहर अखेरीस विरणारी असली तरी त्यांची मिसळण मधल्या काळात प्रचंड उसळू शकते.

मूळ चित्राकडे परतायचं तर दोन गटांवरून संपूर्ण नकाशावर यावं लागतं. इथे निबंधाची मांडणी फार सुबक आहे. कॉर्टेक्समध्ये समान कलाच्या पेशी एकमेकींशी अधिक जोडलेल्या आहेत. त्यामुळे कलाच्या नकाशासारख्या आकृतीसाठी उत्तेजक जोर मोठा भरतो. मनाला येईल तशी काढलेल्या आकृतीसाठी तो लहान भरतो. प्रत्येक आकृतीची आपली एक बेरीज आणि आपली एक वजाबाकी आहे, आणि प्रत्येकीत तीच एकतर्फी वाट आहे. बाहेरून आकारहीन गोंगाट येतो. त्यात सगळ्याच आकृत्यांचा थोडा थोडा अंश असतो, उत्तेजक आणि शामक यांच्यातला बारीकसा असमतोलही असतो. ज्या आकृतीची वाट रुंद तिच्यातला असमतोल मोठ्या उसळीत बदलतो. बाकीच्यांमधला तसाच विरून जातो. म्हणून रिकाम्या वेळेत कलांचे नकाशे डोकावतात. आणि डोकावून लगेच जातात, इतर आकृत्यांपेक्षा जास्त रेंगाळत नाहीत. त्यासाठी अनेक स्थिर अवस्थांमध्ये भटकणं गृहीत धरावं लागत नाही. गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी मोकळा ठेवलेला प्रश्न या निबंधाने पुराव्यानिशी मिटवला असं मी म्हणणार नाही, पण एकाच अवस्थेच्या बाजूने इतकं सुटसुटीत स्पष्टीकरण तोवर कुणी दिलं नव्हतं.

त्यानंतरचा भाग हजारो पेशींच्या सिम्युलेशनचा आहे: खऱ्या पेशींसारखे स्पंद सोडणारी उत्तेजक आणि शामक पेशींची जाळी, अंतर आणि कल यांवर ठरणाऱ्या जोडण्यांच्या शक्यता, प्रत्यक्ष कॉर्टेक्सला शोभतील असे स्थिरांक. तिथेही दोन समीकरणांनी सांगितलं तेच घडतं, आणि ते दाखवणं आवश्यक होतं. नाहीतर हा सगळा खेळ सरळ रेषेत चालणाऱ्या समीकरणांपुरता आहे, असा आक्षेप लगेच आला असता. वाचनाचा आनंद मात्र इथे उणावतो. स्थिरांकांमागून स्थिरांक येतात आणि सुरुवातीच्या पानांचा पारदर्शीपणा धूसर होतो. मला वाटतं लेखकांनाही ते ठाऊक असावं, कारण चर्चेच्या भागात ते पुन्हा त्या दोन राशींच्या भाषेत बोलू लागतात.

अंक हातात असेल तर एक पान मागे जाऊन पाहावं. या निबंधाच्या लगेच आधी, ६२१ ते ६३४ पानांवर, मार्क गोल्डमन यांचा निबंध आहे. विषय अगदी वेगळा, स्मरणाचा: गोष्ट काही सेकंद लक्षात ठेवायला जाळं हालचाल कशी टिकवतं. आणि तिथेही फेऱ्यांच्या मागे दडलेली सरळ वाट सापडते. मर्फी-मिलर तिचा उपयोग रेंगाळणं टाळण्यासाठी करतात, गोल्डमन हालचाल लांबवण्यासाठी, पाठोपाठ लावलेल्या पायऱ्यांवरून तिला पुढे पुढे नेऊन. एकाच कल्पनेचे असे दोन परस्परविरुद्ध उपयोग एका अंकात लागोपाठ छापले जाणं ही वाचकाची चैन आहे, आणि संपादकाने ते शेजारी ठेवले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

निबंधाला आता बराच काळ लोटला आहे आणि त्याच्या पायातलं चित्रही जरा बदललं आहे. केनेट यांची मांजरं भूल दिलेली होती. जागा प्राणी निराळा असतो. कार्सन स्ट्रिंगर, मारियस पाकितारिउ, केनेथ हॅरिस, मातेओ कारांदिनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘सायन्स’मध्ये जाग्या उंदरांच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समधल्या सुमारे १०,००० पेशींची एकाच वेळी नोंद घेतली. त्यांना दिसलं की तिथली उत्स्फूर्त हालचाल बरीचशी उंदराच्या स्वतःच्या वागण्याशी बांधलेली आहे: मिशा हलवणं, नाक फेंदारणं, धावणं. दृश्याचा प्रतिसाद या हालचालीला थांबवत नाही, तिच्यावर वेगळ्या दिशेने येऊन बसतो. रिकाम्या वेळेत पाहण्याचेच नकाशे उमटतात या देखण्या कल्पनेला हे चांगलंच धक्का देणारं आहे. ज्यांनी २००३ चं चित्र मेंदूची स्वप्नवत उजळणी म्हणून रंगवलं त्यांनी आता सावध व्हायला हवं.

या धक्क्याने मर्फी-मिलर यांचं काम मोडत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण निबंधाच्या रचनेत आहे. उत्स्फूर्त नकाशांचा अर्थ काय, ते कशासाठी येतात, याबद्दल त्यांनी मोठे दावे केलेच नाहीत. त्यांचा दावा यंत्रणेचा आहे: जोरदार उत्तेजन आणि त्याला धरून ठेवणारं जोरदार शमन असेल तिथे ही एकतर्फी वाट असणारच, मग तिच्यात कोणती आकृती शिरते ते आतले संकेत आणि जोडण्या ठरवतील. गिलॉम हेनकँ, टिम फोगेल्स आणि वुल्फ्राम गर्स्टनर यांनी २०१४ मध्ये हीच उसळी व्हिज्युअल कॉर्टेक्स सोडून स्नायूंच्या हालचाली ठरवणाऱ्या भागाच्या मॉडेलमध्ये वापरली आणि हात पुढे नेण्यासारख्या गुंतागुंतीच्या हालचाली तिच्यातून घडवून दाखवल्या.

आणि त्या गृहीतकाची, उत्तेजन एकट्याने भडका उडवील इतकं जोरदार आहे या गृहीतकाची, तपासणी करता येते. वरचेच आकडे पुन्हा घ्या. या वेळी धक्का शामक गटाला द्या, सतत, एक एककाचा. शामक पेशींना चेतवलं तर त्या वाढतील असं कुणालाही वाटेल. समीकरणं सोडवली तर उत्तर येतं की शामक गट आपल्या आधीच्या पातळीवरून २.३ एककांनी खाली जातो. उत्तेजक गट ३.३ ने खाली जातो, त्याचा आधार सुटल्यामुळे शामक गटाला मिळणारी चालना इतकी घटते की बाहेरून दिलेला धक्का तिला पुरा पडत नाही. जोर एकहून कमी असता तर असं झालंच नसतं. त्सोदिक्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या उफराट्या परिणामाकडे लक्ष वेधलं होतं. २०२० साली ‘ई-लाइफ’मध्ये अलेस्सांद्रो सान्झेनी, मार्क हिस्टेड, निकोला ब्रुनेल आणि सहकाऱ्यांनी तो उंदरांमध्ये शोधला. प्रकाशाने चेतवता येतील अशा शामक पेशींवर प्रकाश टाकला आणि शामक पेशींचीच हालचाल घटलेली नोंदली: व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये, स्पर्शाच्या भागात, हालचालीच्या भागातही. समोर कोणतंही दृश्य नसताना, इतकंच नव्हे तर हलक्या भुलीतही. या नोंदी समजावून सांगायला त्यांनाही दोन गटांचं साधं मॉडेल पुरेसं ठरलं.